अण्णासोंची काहील निघाली

आमच्या गल्लीत अण्णासो मगदूम काही करायला घेतात तेव्हा ते आधी आवाजानं कळतं. मार्चमधल्या एका सकाळी शेजारच्या अंगणातून असा खणखणाट आला की माझ्या हातातली दुधाची पिशवी सुटली. तणतणत कुंपणापाशी गेले, तर अण्णासो हातोड्यानं जुनी काहील ठोकून बघत होते. त्यांचं गुऱ्हाळ बंद पडून वर्षं झाली. गूळ उकळायची ती अवाढव्य लोखंडी कढई तेवढी त्यांनी ठेवून घेतली होती आणि तिच्याखाली कोंबड्यांचा संसार होता.

"स्नेहल, अजून गळत न्हाय बघ!" ते ओरडले. "हिला न्यायला जीपवर कॅरियर बांधतोय. घरच्या घरी! केरबाला बोलावलाय."

"काका, काहील कुठं न्यायचीय?"

"पाणी आलं की जिथं लागंल तिथं!"

मग माझा राग उतरला, कारण त्यांचं दुखणं सगळ्या गडमुडशिंगीला ठाऊक आहे. पुरात आमच्याकडं काहिलीची नाव करून माणसं बाहेर काढतात. एकोणीसच्या महापुरात अण्णासोंची बायको, म्हणजे आमच्या मल्लव्वाकाकू, नागपंचमीला माहेरी गेल्या होत्या, शिरोळच्या बाजूला, नदीकाठी. पाणी चढलं आणि त्या म्हाताऱ्या आईला घेऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर अडकल्या. फोनवर अण्णासो म्हणाले, "घाबरू नको, काहील घेऊन आलोच." तेवढ्यात फोन बंद पडला. इकडं काहील अंगणात आणि ती न्यायला एक टेम्पो मिळेना, ट्रॉली मिळेना. अण्णासो दारोदार फिरले. शेवटी काकूंना कुणा परक्यांच्या बोटीनं बाहेर काढलं.

तेव्हापासून काकू पावसाळ्यात माहेरी मुक्काम करत नाहीत. पंचमीला सकाळी जातात, दुपारी परत. आई एकटी असते, जीव तिकडंच अडकलेला असतो, पण राहत नाहीत. आणि अण्णासो नुसते कोपऱ्यावर पान खायला निघाले आणि "आलोच" म्हणाले, की काकू चुलीकडूनच विचारतात, "काहील घिऊन?" बिचाऱ्याचं पान तिथंच कडू होतं.

तर बांधणी सुरू झाली आणि गल्लीचं कामात लक्ष लागेना. जीपचा टप म्हणजे नुसती ताडपत्री. तिच्यावर भार द्यायचा नाही म्हणून पुढच्या-मागच्या बंपरवर चार पाय उभे करायचे आणि वर लोखंडी चौकट बसवायची, असं ठरलं. आमचा केरबा वेल्डर उसाच्या ट्रॉल्या बनवतो. त्यानं बाळाचा पाळणा केला तरी त्यातून ऊस कारखान्याला जाईल. त्यात येणारा-जाणारा थांबून सांगायचा, "हितं आणि एक पाइप मार की, दणकट हुईल!" केरबा मारायचा. वस्तू पुरेशी दणकट झाली, असं कोल्हापूरच्या माणसाला आजवर कधी वाटलेलं नाही. कॅरियर चढलं आणि काहील यायच्या आधीच जीपच्या स्प्रिंगांचे पाटे बसले.

अण्णासो मात्र हवेत होते. साठी उलटलेला माणूस, पण ताट हातात घेऊन जीपभोवती फिरत जेवायचा.

नारळ फुटला. दहा-बारा जणांनी "हर हर महादेव" म्हणत काहील वर चढवली. अण्णासोंनी जीप काढली, आणि गल्लीच्या तोंडाशी माझं नुकतंच रंगवलेलं कंपाउंड आणि समोरची बेकरी यांच्यामध्ये काहील अशी अडकली की जीप ना पुढं ना मागं. माझा मोरपंखी रंग खरवडून निघाला. जीप मोजली होती, काहील मोजली होती, गल्ली मोजायची राहिली होती! लोक पोट धरून हसत होते. मी चांगली भांडायला बाहेर आले, पण अण्णासोंचा चेहरा बघितला आणि भांडण तिथंच सोडलं.

मल्लव्वाकाकू दारातून उतरून आल्या. आता त्या "काहील घिऊन?" म्हणणार म्हणून सगळ्यांनी कान टवकारले. त्यांनी काहिलीच्या काठावर हात ठेवला.

"अवं, गुऱ्हाळातनं घरी आणली तवा कशी आणल्याली?"

"उभी. कडेवर लोळवत."

"मग न्हेताना आडवी कशाला?"

अण्णासोंनी कपाळावर हात मारला. "केरबा, बिजागरी!"

दुसऱ्या दिवसापासून काकू स्वतः स्टूल टाकून केरबाजवळ बसल्या. "ह्यो पाइप कशाला?" "काकू, दणकट..." "काप." निम्मं लोखंड उतरलं आणि जीपनं श्वास सोडला. चौकटीची एक बाजू बिजागरीवर उचलायची, साखळीनं बांधायची. काहील आता तिरपी बसली, जीपनं तिरपी टोपी घातल्यासारखी, आणि माझ्या भिंतीजवळून बोटभर अंतरानं सुखरूप निघाली. सगळ्या गल्लीनं शिट्ट्या मारल्या. सगळ्यात मोठी माझी होती.

मे महिन्यात काकूंच्या माहेरी चाचणी घ्यायची ठरली. मीही मागं चढून बसले; भिंतीचा रंग फुकट गेला होता, तेवढं तर वसूल व्हायला हवं. वाटेत एकजण ओरडला, "पावणं, गुळाची वरात काय?" अण्णासोंनी हॉर्न वाजवून त्याला रामराम केला.

नदीवर साखळी सोडली, गावातल्या पोरांनी हात लावला आणि काहील घसरत, खणखणत पाण्यात गेली. अण्णासो वल्हं म्हणून एक फळी घेऊन काहिलीत उतरले. काहील जागच्या जागी गरगर फिरली, मग सरळ झाली, आणि मग काकू लुगडं खोचून बसल्या! दोन्ही हातांनी काठ धरला होता. मधल्या धारेपर्यंत चेहरा घट्ट होता, मग एकदम मोकळ्या हसायला लागल्या. काठावर त्यांची आई, सगळे जिला अव्वा म्हणतात ती म्हातारी, टाळ्या वाजवत होती.

काहील परत चढवली. अव्वानं चहा दिला. निघताना काकू आईजवळ थांबल्या.

"अव्वा, यंदा पंचमीला मी चार दिस ऱ्हातो."

अण्णासोंच्या हातातला कप तसाच राहिला. "आणि पाणी आलं तर?"

"फोन करतो की," काकू म्हणाल्या. "तुम्ही या. काहील घिऊन."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

"आलोच!" अण्णासो असे काही ओरडले की पलीकडच्या काठावर पाण्यात बसलेल्या म्हशींनी माना वर केल्या.