पाच बटणांचं लग्न

सौंसरला घरी बसून मी एका कंपनीसाठी जावास्क्रिप्ट लिहितो. बहिणीच्या लग्नातला गोंधळ आपण आवरावा, ही दुर्बुद्धी मला त्यातूनच सुचली.

जावास्क्रिप्टमध्ये उशिरा होणाऱ्या कामासाठी प्रॉमिस असतं. काम झालं की ते पूर्ण होतं आणि पुढचा प्रोग्राम चालतो. मी स्वतःचीच पाच प्रॉमिस बनवली आणि ती पूर्ण करायचं बटण पाच जणांच्या मोबाइलवर दिलं: भटजी, आचारी, बँडवाले, नवरदेव आणि रामाकोना गावचे मामाजी, कारण नवरीला बोहल्यावर आणायचा मान त्यांचा. पाचही 'तयार' आले की लॅपटॉप मंगलाष्टकांचा माइक सुरू करणार. 'नाही'चं बटण मी ठेवलंच नाही. लग्नात नाही कोण म्हणतं? वेळेची मर्यादाही घातली नाही. हा शहाणपणा सर्वस्वी माझा.

आचाऱ्यानं कटकट नको म्हणून वांगी चिरायच्या आधीच बटण दाबलं. नवरदेवानं घोड्यावरून दाबलं. ऐन मुहूर्ताला लॅपटॉपवर चार दिवे हिरवे आणि मामाजींचा पिवळा. भटजींचा घसा बसलेला, माइकशिवाय ते तोंड उघडेनात. पोरांनी निम्म्या अक्षता एकमेकांवरच संपवल्या.

"तुमची मशीन लगन लावून राहिली का मोडून राहिली?" नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं. मुहूर्त टळला तर वरात पांढुर्ण्याला परत नेईन म्हणाले. मी मामाजींना शोधायला धावलो.

मामाजी नवरीच्या खोलीबाहेर खुर्चीवर सापडले. हातात मोबाइल, अंगठा बटणाच्या वर थांबलेला. मी भडकलोच.

"मामाजी, काय करून राहिले? दाबा ना!"

"दाबतो ना बाप्पा." अंगठा काही हलेना. "सकाळी तूच सांगतलं, एकदा दाबलं का वापस होत नाही."

"हो, प्रॉमिसचा नियमच आहे थो."

"मंग थांब ना जरासा."

त्यांचे डोळे भरले होते. बहीण खरंच घरातून चालली आहे, हे मलाही तेव्हा कुठे कळलं. सकाळपासून मी नुसते दिवे मोजत होतो. मला रडू आलं. मी शेजारी बसलो आणि आम्ही दोघं मूर्खासारखे त्या बटणाकडे बघत राहिलो.

दार उघडलं. मुंडावळ्या सावरत बहीण बाहेर आली. तिनं मामाजींच्या हातातून मोबाइल घेतला आणि बटण दाबलं. हॉलमध्ये माइक खरखरला.

"पाच जनाले बटन देलं दादा, मले नाही देलं," ती म्हणाली आणि मामाजींचा हात धरून बोहल्याकडे निघाली.