चर्चच्या चौथ्या पायरीवरचा क्रूस

मंडळी, आज आमच्या चर्चच्या पायऱ्या वाचल्या. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सदलग्याकडचं आमचं गाव म्हणजे नदीच्या दोन फाट्यांमधलं बेट. चर्च सगळ्यात उंचावर, आणि त्याच्या दगडी पायऱ्या थेट नदीत उतरतात. वरून चौथ्या पायरीवर, चर्च बांधणाऱ्यांनी एक क्रूस कोरून ठेवलाय. पाणी क्रूसाला लागलं की नावेची ये-जा बंद, आणि सगळ्या गावाची जनावरं चर्चच्या आवारात.

आज सकाळी मिस्साची प्रार्थना झाल्यावर फादर म्हणाले, "फेस्ताच्या सणाआधी पायऱ्या बुजवून उतार करू. म्हाताऱ्यांना सोपं पडेल."

चर्चच्या कमिटीनं माना डोलावल्या. मी उठले. "उतार मागच्या बाजूनं करा. पायऱ्यांना मी हात लावू देणार नाही."

झालं, वाद पेटला. आवाज ऐकून शेजारच्या पद्माक्का फाटकातनं आत आल्या. जैन घरातल्या, आमच्या मिस्साला कधी न येणाऱ्या.

"फादर, पाणी चढलं की निपाणीतनं माझी लेक फोन करती, 'आई, कितव्या पायरीवर हाय?' उद्या तिला काय सांगू? उतारावर हाय म्हणून?"

फादर हसले. "आक्का, उतार मागनंच करू."

दुपारी त्या लेकीचाच मला फोन आला. आम्ही एका वर्गातल्या. नदी सध्या पार तळाला गेलीय, तरी तिचा पहिला प्रश्न, "पायऱ्या हायत न्हवं गं?"

तुमच्या गावात पूर कशावरनं ओळखतात? आजच जाऊन बघा, ती खूण जाग्यावर आहे का.