मामांनी मोजलेली शून्यं

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या पुण्याच्या संस्थेत पावसाच्या नव्या नकाशाचं कौतुक चाललं होतं. बाहेर येऊन मी मामींशी बोलले, आत गेले आणि साहेबांना सांगितलं. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं, "अरेरे" म्हणाले आणि ते बिस्किट संपायच्या आत विचारलं, "त्यांच्या पावसाच्या वह्या घरीच असतील ना? तेवढ्या घेऊन या." मला शिसारी आली. साहेबांची आली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त माझी स्वतःची. महिना होऊन गेला, अजून ती उतरलेली नाही.

मामा फौजेतून सुभेदार होऊन परतले ते रहिमतपूर-औंध रस्त्यावरच्या आमच्या आजोळी. हायस्कूलच्या आवारातला पर्जन्यमापक बघायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. रोज सकाळी साडेआठला कुलूप काढायचं, भांड्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, वहीत आकडा लिहायचा. आमचा भाग कोरडा. घाटात कोसळत असतो तेव्हा इकडे नुसते ढग पळतात. तरी ऐन पावसाळ्यात आठ-आठ दिवस थेंब नसताना हे इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. पारावरचे चिडवायचे, "सुबेदार, आज बी भोपळाच न्हवं?" मीही लहानपणी एकदा म्हणाले, "आवं मामा, पडलाच न्हाई तर बगायचं काय?" ते थांबले. "पोरी, शून्य बी मोजावं लागतं. घरात बसून ल्हिलेलं शून्य म्हंजी थाप."

पुढे मी झाले संगणकावर पाऊस पाडणारी. आमचं मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच पाऊस देतं. चौकोन मोठे असले की महाबळेश्वर आणि मामांचं गाव एकाच ताटात जेवतात. म्हणून आम्ही ते लहान केले. घाट नीट उभा राहिला, ढग तिकडेच रिकामे होऊ लागले. पण मामांच्या गावावर मॉडेल रोज थोडी थोडी भुरभुर पाडत राहिलं, आणि मामांच्या आकड्यांत मात्र ओळीने शून्यं. साहेब भर बैठकीत हसले. "म्हातारा घरी बसून भोपळे काढतोय. हे केंद्र गाळा." हा माणूस अंगात ताप असतानाही जाऊन भांडं बघतो, हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी ब्र काढला नाही. बढतीचं वर्ष होतं... उलट सगळे हसले तेव्हा मीही हसले आणि केंद्र माझ्याच हातांनी गाळलं. आपलं मॉडेल चुकतंय म्हणायला जीभ रेटेना, म्हणून एका सरळ माणसाला खोटं पाडलं. इतकी घाणेरडी गोष्ट मी आयुष्यात दुसरी केलेली नाही.

नंतर चौकोन इतके बारीक केले की एकेका ढगाचं वर चढणंही मॉडेलला दिसू लागलं. भुरभुर गेली. मामांच्या गावावर कोरडे दिवस आले आणि ते थेट त्यांच्या शून्यांशी जुळले. तो म्हातारा माझा मामा, हे मी साहेबांना तेव्हा कुठे सांगितलं. जाऊन सांगायचं ठरवत राहिले... या रविवारी, पुढच्या रविवारी. त्याआधी त्यांचं हृदय थांबलं. आणि आता साहेबांना त्याच म्हाताऱ्याच्या वह्या हव्यात, नव्या नकाशाची शोभा वाढवायला!

दहाव्यानंतर मामींजवळ बसले. मामी कुंडलच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी कपाटातून आमचा जुना अहवाल काढला. त्यात माझं नाव छापलेलं, म्हणून मीच तो कौतुकाने पाठवला होता. शेवटच्या पानावर हिशेबात धरलेल्या पर्जन्यमापकांची, गावांच्या नावांसकट, यादी होती.

"ह्यांनी चष्मा लावून दोन येळा बोट फिरवलं यादीवरनं," मामी म्हणाल्या. "गावाचं नाव काय गावंना. मी म्हनलं, फोन करून इचारा की तिला."

"मग?"

"न्हाई केला. म्हनले, पोरगी हुशार हाय, माजंच मोजायला कायतरी चुकत असंल. दुसऱ्या दिवसापास्नं एकदा बघून भागंना झालं त्यांचं. निम्म्या वाटंतनं परत जायाचे आन् रिकामं भांडं पुन्यांदा बघायचे."