मिरवणुकीतली पिकअप

माझ्या चुलतभावाची, म्हणजे दादाची पिकअप चौदा वर्षांत जेमतेम नऊ हजार किलोमीटर चालली, आणि तीही बहुतेक पायी चालणाऱ्या माणसांच्या मागून. अंजूर गावच्या शेताच्या तुकड्यावर गोदाम उभं राहिलं आणि हातात पैसे आले, तेव्हा दादाने ती नवी कोरी घेतली. विचार माल वाहण्याचा होता. पण पहिल्याच आठवड्यात गावात कुणाची तरी कशावर तरी निवड झाली, निवडून आलेल्या साहेबांना उभं राहायला उंच जागा हवी होती, आणि पिकअपला आपलं आयुष्यकार्य सापडलं. पुढे हळदीचा डीजे, क्रिकेटचा चषक जिंकून आलेले संघ, वाढदिवस, आभाराच्या फेऱ्या. पंचक्रोशीत ज्याच्या गळ्यात हार पडला, त्याने तो एकदा तरी दादाच्या पिकअपवर उभं राहून घालून घेतला. एरवी ती शेडमध्ये ताडपत्रीखाली असायची. दादाच्या लेखी ती गाडी नव्हती, मान होता. आणि मानावर कुणी कांद्याची पोती लादत नाही.

यंदा वहिनीने महामार्गापलीकडच्या एका गोदामातल्या कामगारांना दुपारचं जेवण पुरवायचं काम मिळवलं. मॅनेजरने सांगितलं होतं की सोमवारपासून आठवडाभर बघू. जेवण सुट्टीच्या आत आणि गरम पोहोचलं तर पुढे चालू, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. वहिनीने नमुन्याचं जेवण रिक्षाने नेलं, तेव्हा अर्धं वरण रिक्षावाल्यानेच घरी नेलं, म्हणजे सांडलेलं, सीटवरून. तेव्हा तिची नजर शेडकडे वळली.

पिकअप सुरू व्हायची. गावातल्या गल्लीत तर अगदी शहाण्यासारखी चालायची. पण महामार्गाच्या पुलाचा चढ आला की धापा टाकायची, मागून काळा धूर सोडायची आणि मध्यावर बसायची. दादाने भंगारवाल्याशी बोलणं सुरू केलं. वहिनीने मला फोन केला.

“भावजी, तुमी भिवंडीत ऱ्हाता. एक चांगला मिस्त्री बघा. गाडी भंगारात गेली तं माझं काम बी तिच्यासंगती जाईल.”

मिस्त्री मला ठाऊक होता. त्याचं गॅरेज खडखडत्या लूमच्या कारखान्याला चिकटून, त्यामुळे त्याला इंजिनाचा आवाज ऐकू यायचा नाही आणि तो सगळं हात लावून ओळखायचा, असं तो सांगायचा. गाडी ओढून आणली. ब्रेक उभ्या उभ्या जाम झाले होते, ते त्याने सोडवले. टायरची नक्षी कालच घेतल्यासारखी होती, पण रबराला भेगा पडल्या होत्या; ते बदलले. चढावर दम का सुटतो, यावर मात्र त्याची मतं रोज बदलत होती. आधी म्हणाला, डिझेल जुनं आहे. टाकी रिकामी करून धुतली. मग म्हणाला, पंप. पंप साफ करून आणला. एअर फिल्टर नवा घातला. गाडी पुन्हा पुलाच्या मध्यावर बसली. दादाच्या मते नजर लागली होती. त्याने लिंबू-मिरची बांधली. एवढी एकच दुरुस्ती पहिल्या खेपेत पूर्ण झाली.

शेवटी मिस्त्री म्हणाला, “साहब, इसको दौड़ने की आदत ही नहीं है.” आतापर्यंतच्या निदानांत मला हेच सगळ्यांत शास्त्रीय वाटलं.

शनिवारी फिल्टरच्या डब्याला बाहेरची हवा पुरवणारी नळी त्याने डब्यापासून सोडवून ठेवली होती आणि तो चहाला गेला होता. गॅरेजवर आलेल्या दादाला गाडी सावलीत घ्यायची होती. त्याने सवयीप्रमाणे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला आणि पिकअप उडी मारून समोरच्या पानाच्या टपरीपाशी जाऊन थांबली. टपरीवाला पान लावता लावता उठून उभा राहिला. धुराचा पत्ता नव्हता. मिस्त्री ग्लास हातात घेऊनच धावत आला. त्याने नळी लावली: गाडी खोकली. नळी काढली: गाडी ठणठणीत. आता त्याला मत बदलायचं कारण उरलं नाही.

नळीचं दुसरं टोक चाकावरच्या पत्र्याआड गेलं होतं. ती पुरती ओढून काढून त्याने आपटली, तेव्हा आतून एक घट्ट गुलाबी गठ्ठा निघाला. गुलाल, झेंडूच्या पाकळ्या, चमकीचे कागद, आणि प्रत्येक मिरवणुकीआधी गाडी धुताना आत गेलेलं पाणी. सगळं थरावर थर बसून विटेसारखं झालं होतं. चालत्या माणसांच्या वेगाला लागेल तेवढी हवा त्यातून मिळत होती. त्यापेक्षा जास्त आजवर कुणी मागितलीच नव्हती.

मिस्त्रीने गठ्ठा वर्तमानपत्रावर ठेवून फोडला. दादा उकिडवा बसून थर ओळखू लागला. हा निवडीचा, हा चषकाचा, हा पिवळा कुठल्याशा हळदीचा. इतक्या आदराने उत्खनन करताना मी कुणाला बघितलं नव्हतं.

रविवारी आम्ही गाडी गावी आणली, आणि संध्याकाळी साहेबांच्या मागे फिरणारी पोरं दादाच्या दारात आली. सोमवारी साहेबांचा वाढदिवस. दादाने महिन्याभरापूर्वीच हो म्हटलं होतं आणि वहिनीला सांगायचं राहिलं होतं. तो माझ्याकडे बघू लागला, मी कोंबड्यांकडे. पोरं म्हणाली, काकी, गाडी दुपारपर्यंतच पाहिजे, साहेब वाट बघतात.

वहिनी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“साहेबांना चालता येतं. वरणाला येत न्हाय.”

पोरांतलं एक हसलं आणि मग सगळीच हसली. दादा म्हणाला, अगं, शब्द दिलाय. तेव्हा तिने ताट बाजूला ठेवलं.

“मॅनेजरला मी बी दिलाय. तुमचा शब्द चौदा वर्सं फिरला. माझा उद्या पयल्यांदा निघतोय.”

दादा पोरांकडे वळून म्हणाला, ट्रॅक्टर सजवा, लोकांना साहेब आणखी उंच दिसतील. पोरांना ते पटलं. उंचीचा प्रश्न सुटला की मिरवणुकीचे बाकी प्रश्न आपोआप सुटतात.

सोमवारी दादाने गाडी चालवली, वहिनी मध्ये बसली, मी खिडकीशी. मागे टोपांना दोरीने बांधलं होतं. पुलाचा चढ आला तसा दादाने पहिला गिअर टाकला आणि तिथेच ठेवला. मागच्या कंटेनरवाल्याने हॉर्नवर हात ठेवला. वहिनी म्हणाली, वाढवा की. दादा म्हणाला, वाढवतो, घाई कसली. पुढचे गिअर त्याला ऐकून माहीत होते. दुसरा पडला, मग तिसरा जरा कुरकुरून. पिकअप चढून वर आली आणि उतारावर अशी सुटली की दादा स्वतःशीच “अरे अरे” करत राहिला.

सुट्टीची घंटा व्हायची होती. मॅनेजरने पहिल्या टोपाचं झाकण उचललं, वाफेने त्याचा चष्मा धुरकटला. तो पुसून त्याने वरण चाखलं, भाताकडे बघितलं, मग रांगेत येणाऱ्या माणसांकडे.

“उद्यापासून भात थोडा जास्त आणा,” तो वहिनीला म्हणाला.