हिरव्या वासाची बाटली

भादव्यात मला ताप आला. पाच दिवसांनी उतरला, पण नाक बिघडवून गेला. आधी दोन आठवडे कशाचाच वास येत नव्हता. मग एका सकाळी भात शिजायला ठेवला, वाफ तोंडावर आली आणि मी ओट्यापासून मागे सरले. सडक्या कांद्यांत टायर जाळावा तसा वास होता. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने भाताच्या गंजावर वाकून हुंगलं.

"काही नाही झालं भाताले," तो म्हणाला.

झालं होतं ते मला. त्या दिवसापासून फोडणी, चहा, साबण, माझी उशी, सगळ्याला तोच जळका वास. नवरा शेतातून घामेजून आला की मी पाणी देऊन दुसऱ्या खोलीत जायची. बावीस वर्षांच्या संसारात मी त्याच्यापासून कधी अशी पळाले नव्हते. त्याला कळत होतं. तो दिवसातून दोनदा आंघोळ करू लागला, आणि साबणाने आणखीच वाईट व्हायचं. हे त्याला सांगायचं कसं?

मी सडक अर्जुनीजवळच्या एका शाळेत शिकवते. दुपारी पोरांची खिचडी शिजायची तेव्हा मी वर्ग पिंपळाखाली न्यायची. पोरं खूश. मी पदराने नाक दाबून पाढे म्हणून घ्यायची. थंड दही आणि काकडी एवढंच पोटात राहायचं. चैतापर्यंत माझं अकरा किलो वजन उतरलं.

गोंदियातल्या डॉक्टरांनी नाकात नळी घालून पाहिलं.

"वासाची नस दुखावली आहे. भरून येताना असं उलटंसुलटं होतं."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही. महिने लागतील. वर्षही लागेल."

"औषध?"

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "खास असं नाही."

आम्ही एसटीने परत आलो. वाटभर नवरा खिडकीबाहेर बघत होता.

वैशाखात माझ्यासोबत शिकवणाऱ्या बाईंच्या मुलीचं लग्न सौंदडला होतं. मंडपात मसालेभाताच्या कढया चढलेल्या, मी तोंडाला रुमाल लावून कडेच्या खुर्चीवर बसलेली. तेवढ्यात वरपक्षाकडची एक बाई माझ्या शेजारून गेली आणि माझा हात आपोआप खाली आला.

वास आला. चांगला वास. आठ महिन्यांत पहिला.

नुकतंच खुडलेलं देठ बोटांत चिरडावं, तसा ओला हिरवा. त्याच्या मागून फूल, पण उमललेलं नाही. कळीतच असलेला मोगरा. आणि तळाशी कडुनिंबाच्या तांबूस पालवीचा किंचित कडूपणा. जणू कुणी सगळा चैत मुठीत धरून माझ्या पुढून नेला. मी उठून तिच्या मागे गेले. ती थांबली की मी थांबायची. आहेराच्या रांगेत तिच्या पाठीशी उभी राहून मी श्वास घेत राहिले, वेड्यासारखी. तिने एकदा वळून पाहिलं, तेव्हा मी खाली मान घातली. काय विचारणार होते? थोड्या वेळाने ती गाडीत बसून निघून गेली.

घरी येऊन मी खूप रडले. नवरा म्हणाला, "कायले रडून राहिली? सेंटच तर आहे. गोंदियाले भेटंल."

पुढच्या रविवारी आम्ही बाजारात गेलो. अत्तराच्या एका जुन्या दुकानात म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, "कौनसा चाहिए?"

"हरा," मी म्हटलं.

"हरे रंग का?"

"रंग नहीं. वास हरा. ताज्या पत्तों जैसा, और कली."

त्याने खस काढलं, केवडा काढला, मोगरा काढला. कापसाचा बोळा लावून एकेक माझ्यासमोर धरला. प्रत्येकात जळकं रबर. चौथ्या बोळ्याला मला सहन झालं नाही, दुकानाबाहेर नालीवर जाऊन ओकले. म्हातारा स्वतः पाण्याचा लोटा घेऊन आला. मला स्टुलावर बसवून म्हणाला, "बहनजी, नाम मालूम हो तो कहीं से भी मंगवा दूँ. बिना नाम के मैं क्या करूँ?"

त्याचं बरोबर होतं. रंगाला, चवीला आपल्याकडे शब्द असतात. वासाला, हा त्याच्यासारखा आणि तो ह्याच्यासारखा, एवढंच म्हणता येतं. आणि माझ्यापाशी तर तेवढंही खरं राहिलं नव्हतं.

शेवटी लाज सोडून मी नवरीच्या आईला, माझ्या सोबतच्या बाईंना, सगळं सांगितलं. मंडपातली ती बाई नवरदेवाची मावशी निघाली, रायपूरची. मी फोन लावला.

"उस दिन आपने कौनसा सेंट लगाया था?"

"आप कौन?" आवाजात संशय होता.

मी सांगत गेले. भात, खिचडी, नवऱ्याच्या दोन आंघोळी. मग ती म्हणाली, "वो तो अब बनता नहीं, दीदी. मेरे पास आधी शीशी पड़ी है. भिजवा देती हूँ."

मी नको नको म्हटलं, पण अगदी हळू.

आठवड्याने बाटली सौंदडला नवरीच्या माहेरी पोचली. नवरा मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला. मी रुमालावर एक थेंब टाकला. तोच वास होता. त्या दिवशी रुमाल नाकाशी धरून मी गरम भात खाल्ला, वरण खाल्लं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. नवरा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता, स्वतःचं ताट तसंच ठेवून. मग रोज तो स्वतःच भात शिजवायचा, रुमालाची घडी करून ताटाजवळ ठेवायचा. महिनाभर असं चाललं. अंगावर जरा मांस आलं.

शाळा उघडल्या त्याच आठवड्यात एका सकाळी रुमाल नाकाला लावला आणि आत तोच टायर, तोच कांदा. वाटलं रुमालच खराब असेल. दुसरा घेतला, मग थेट बाटली हुंगली. हिरवं काहीच उरलं नव्हतं.

नवऱ्याला सांगायचा धीर झाला नाही. तीन दिवस मी रुमाल नाकाशी धरून, श्वास रोखून घास गिळत होते. चौथ्या दिवशी त्याने माझा हात धरला.

"दम कोंडून काऊन जेवून राहिली?"

मी सांगितलं. तो ताट उचलून आत घेऊन गेला, भात गाईपुढे टाकला आणि फ्रिजमधलं दही काढून आणलं.

मग रायपूरचा फोन आला. "दीदी, काम आ रही है ना?"

"हो, बहुत," मी म्हटलं. "अभी है थोड़ी." यापेक्षा वेगळं काय बोलणार? तिने आपलं होतं ते देऊन टाकलं होतं.

डॉक्टरांकडे परत गेलो. ते म्हणाले, बदलतंय म्हणजे नस जागी आहे, हे चांगलं लक्षण. मी मान हलवली. चांगलं लक्षण पोटात जात नाही.

आता पुन्हा वर्ष उलटून गेलंय. साबण सहन होतो. डाळही थोडी. भात अजून नाही. परवा संध्याकाळी नवरा मला आमच्या धानाच्या बांधीकडे घेऊन गेला. धान निसवला होता, लोंब्यांवर बारीक फुलोरा होता. या दिवसांत पाण्याने भरलेल्या बांधीवर एक वास तरंगत असतो, लहानपणापासून माझ्या ओळखीचा. मी शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उभी राहून खोल श्वास घेतला. काही नाही. चांगलं नाही, वाईटही नाही.

"येऊन राहिला का?" त्याने विचारलं.

"नाही. तुम्हाला येतो?"

"येते ना."

"कसा? सांगा मला."

त्याने डोळे मिटून बराच वेळ हुंगलं. तोंड उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"धानाचा येते," तो म्हणाला. आणि मग अगदी ओशाळून, "मले नाही सांगता येत."