चादरीची पाळी

राममंदिराकडून दर्ग्याकडे वळताना कोपऱ्यावर बन्सीधर फुलाऱ्याचं दुकान लागतं. देवळातले हार त्याचे, वाचनालयात पाहुणा आला की गुच्छ त्याचाच. पण त्याचा जीव अडकलेला होता तो उरुसातल्या फुलांच्या चादरीत. संदलच्या, म्हणजे दर्ग्याला चंदन चढवायच्या मिरवणुकीत चौघांनी चार कोपरे धरून न्यायची ती गुलाबाची जाळी आधी त्याची आई चतुराबाई विणायची; तिच्यामागं बन्सीधर. विणताना फुलाचा वास घ्यायचा नाही, दोरा ओलांडायचा नाही.

यंदा धाकटा भाऊ भागवत वेगळा झाला. समोरच त्यानं रंगीत दिवे लावून फुलांचं दुकान थाटलं आणि दर्ग्याचे मुजावर हमीदचाचांनी चादरीचा निकाल दिला, "एक साल बन्सीधर, एक साल भागवत. यंदा धाकटा."

तेव्हापासून मी सकाळी गेले की बन्सीधर माझा गजरा ओवायचा आणि डोळे समोरच्या दुकानावर.

"बघा ताई, गिऱ्हाइकाला काजू देयलाय. फुलं विकायलाय का सोयरीक जमवायलाय?"

"तुम्हीपण द्या की," मी म्हटलं.

"माझी फुलं काय सुकल्यात?"

चादर विणायला बसलेल्या भागवतावर त्याचा पहारा होता. भागवतानं चकचकीत नायलॉनचा दोरा घेतलेला पाहिला आणि बन्सीधर खूश झाला. "हा दोरा गाठ धरत न्हाई. आई सुती दोरा भिजवून घ्यायची. भर संदलात सुटू द्या, मग चाचाच म्हणतील, मान थोरल्याकडंच बरा."

"मग त्याला सांगा ना."

"मी? त्यानं इचारलं का मला?"

संदलच्या संध्याकाळी मीही रस्त्याच्या कडेला उभी होते. ढोल-ताशे, उदाचा धूर, रेवड्यांच्या गाड्यांपुढं पोरांचा गलका. चादर आली. सुरेख होती, ते बन्सीधरच्या तोंडावरच दिसत होतं. तो मानेला ताण देऊन फक्त कोपरे बघत होता.

दर्ग्याच्या कमानीशी मिरवणूक थांबली आणि भागवताच्या हातातला कोपरा उसवू लागला. एक गाठ सुटली, मग शेजारची. गुलाब खाली पडले. भागवतानं सुटलेला दोरा नुसता मुठीत आवळला.

बन्सीधरच्या ओठांवर हसू आलं. दुसऱ्या क्षणी तो गर्दीत घुसला होता. कंबरेला खोचून आणलेला सुती दोरा दातानं तोडत, शिव्या पुटपुटत त्यानं गाठींवर गाठी मारल्या.

"दादा..." भागवत म्हणाला.

"गप. नीट धर. आईचं नाव घालवतो का?"

चादर आत गेली, मजारीवर सरळ पसरली. आत मजारीपाशी थांबलेल्या हमीदचाचांना कमानीतलं काही दिसलं नव्हतं; बाहेर येऊन त्यांनी दोघांच्या खांद्यावर हात ठेवले. "चतुराबाईचे दोनो बेटे एक जैसे. कोण थोरला, कोण धाकटा, चादर पाहून समजत नाही."

सकाळी गजरा घ्यायला गेले तर बन्सीधर झेंडूच्या पाकळ्या उगाच तोडत बसलेला.

"एक जैसे म्हणे! माझ्या गाठीवर मिरवला तो."

"मग चाचांना सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर त्याची पाळी गेली असती."

समोर भागवताच्या दुकानात पेढे वाटणं चाललं होतं. बन्सीधर ते बघत राहिला.

"जायलाच पाहिजे होती, ताई," तो म्हणाला आणि माझा गजरा करकचून बांधला.