हुलसूरकर कोण?

बुद्धरत्न सरांचा थकवा आजचा नव्हता. कलबुर्गीच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात ते वर्षानुवर्षं छोटे उपग्रह शिकवत होते, आणि नवी बॅच आली की कुणीतरी हमखास विचारायचं, सर, तुमचा उपग्रह कधी सुटणार? सुटणार कुठून? त्यांचं काम सगळं कागदावरचं. डब्याएवढे उपग्रह डोक्यावरून जातात, जेमतेम काही मिनिटं दिसतात नि मावळतात. तेवढ्यात जमिनीवरून धाडलेला निरोप पुरा झाला नाही, तर तो जपून ठेवायचा आणि पुढचा उपग्रह भेटला की त्याच्या हवाली करायचा, ही रीत सरांनी मांडली होती. ती त्यांना सुचली मात्र आभाळाकडे बघून नाही. लातूरला शिकत असताना आई, सरुबाई, सीमेवरच्या हुलसूर गावाहून बसनं डबा पाठवायची. कंडक्टर तो निलंग्याला उतरवून ठेवायचा आणि लातूरची गाडी लागली की डबा पुढं निघायचा. भाकरी वातड व्हायची, पण पोचायची.

यंदा सरांच्या प्राध्यापकपदाचा विषय समितीपुढे आला. आपल्या लेखाचा आधार दुसऱ्यानं त्याच्या लेखात घेतला की तो एक उल्लेख, आणि असे उल्लेख पुरेसे असतील तरच बढती, असा नियम. माणसानं काय केलं ते वाचायला कुणाला वेळ नसतो, म्हणून असे नियम निघतात. मोजायचं काम ग्रंथपाल मंजुश्रीकडे होतं. ती बिचारी दोन दिवस खपली आणि पडेल चेहऱ्यानं सरांच्या केबिनमध्ये आली.

"सर, तुमच्या नावावर काही फार दिसंना. पन तुमच्याच विषयात एक हुलसूरकर हाय. बाहेरदेशची लोकं बी त्याचाच आधार घ्यायलेत. तुमच्या वळखीचा हाय का?"

सरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"मीच हाय तो," ते म्हणाले. "आन् आदीचा एक कांबळे हाय बघा, तो बी मीच."

आमच्या सीमेवर हे असंच होतं. इकडच्या कन्नड शाळेत आडनाव लावत नाहीत, बापाच्या नावाचं अक्षर लावतात. म्हणून शाळेच्या दाखल्यावर ते बुद्धरत्न बी., आणि कलबुर्गीच्या नोकरीतही तेच. लातूरला आडनावाशिवाय प्रवेशच मिळेना, म्हणून तिथं कांबळे. पहिला लेख त्या नावानं आला. पुढं हॉस्टेल सुटलं आणि खोली शोधायची वेळ आली. घरमालक आधी हसून बोलायचे, पाणी विचारायचे, मग आडनाव विचारायचे. कांबळे म्हटलं की म्हणायचे, "बघू, कळवतो." कुणीच कधी कळवलं नाही. एकदा वडील, भीमराज, सोबत होते. मालकानं आडनाव विचारलं आणि पोरानं तोंड उघडायच्या आत म्हातारा बोलून गेला, "हुलसूरकर." खोली मिळाली. खोलीचा मालक नेमका कॉलेजातल्या नव्या मार्गदर्शक सरांचा मेहुणा, त्यामुळे खोली जाऊ नये म्हणून तिथंही तेच नाव लावलं, आणि सगळ्यात गाजलेला लेख हुलसूरकराच्या नावानं छापून आला. बापलेक त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

मंजुश्रीनं तिन्ही नावं एकत्र जोडली. आकडा चांगला फुगला आणि लगेच खाली आला. कारण स्वतःच स्वतःचा घेतलेला आधार उल्लेख मोजणारा संगणक धरत नाही, आणि बुद्धरत्न बी. यांनी लेखामागून लेखात हुलसूरकराचाच आधार घेतला होता. घेणार नाहीत तर काय, काम त्यावरच उभं होतं. तरी बाहेरच्यांचे उल्लेख नियमाला पुरून उरत होते. मंजुश्री खूश झाली. समिती मात्र खूश झाली नाही.

समितीचे अध्यक्ष सिद्धलिंगप्पा. माणूस सभ्य, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, एकाच माणसाची तीन नावं आणि ती एकमेकांचा आधार घेतायत, याला आम्ही काय समजायचं? दुसरा एक सदस्य हसला. चोरी सापडल्यावर हसतात तसं ते हसू सरांना झोंबलं.

आडनावाच्या रीतींचा फरक सांगून सुटता आलं असतं. कांबळेचा खुलासा त्यानं होत होता. हुलसूरकराचा होत नव्हता. खरं सांगितलं नाही तर आयुष्यातलं एकमेव मोठं काम लबाडीत जमा होणार होतं. सरांना त्या क्षणी फक्त घरी जाऊन पडावंसं वाटत होतं. पण ते बोलले.

"कांबळे म्हटल्यावर लातूरला खोली मिळत नव्हती. म्हणून वडिलांनी गावाचं नाव सांगितलं. तेच लेखावर आलं."

सगळे टेबलाकडे बघायला लागले. हसणाऱ्यानं चष्मा पुसायला घेतला. सिद्धलिंगप्पांनी मान हलवली, वाईट वाटतं म्हणाले, चहा मागवला. सर उठताना त्यांनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, "नोडोण." कन्नडमध्ये 'बघू'ला तेच म्हणतात.

रविवारी सर हुलसूरला गेले. सरुबाई भाकऱ्या थापत होती. भीमराज अंगणात खाटेवर बसले होते; नजर गेलेली, कान शाबूत. सरांनी समितीत काय झालं ते सगळं सांगितलं, खोलीचंही. म्हातारा न हलता ऐकत होता.

"माज्या तोंडून निगालं तवा," ते म्हणाले. "तुला लई दिस इचारायचं व्हतं. चुकलं का रं माजं?"

"न्हाई अप्पा. खोली मिळाली की."

"आन् आता काय म्हनलेत ती लोकं?"

"नोडोण म्हनलेत."

भीमराजांनी चाचपत पोराचा हात शोधला आणि धरून ठेवला.

"मंग दुसरी खोली बघू, बाबा," ते म्हणाले. "हितली न्हाई मिळायची."